जावयाचं मूळ गाव

आमच्या घराण्याच्या अकरा पिढ्या मी एकट्यानं शोधून काढल्यात. तेव्हा होणाऱ्या जावयाचं मूळ गाव काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ! जावई मार्टिन ह्रचोव्याक. आडनाव उच्चारताना कवळी सुटते. पूर्वज स्लोव्हाकियातले, एवढंच त्याला ठाऊक. गोत्राचं विचारलं तर गुरुजी म्हणाले, "कश्यप लावू, चालतं." मला असं चालवून घेतलेलं चालत नाही.

चार दिवसांत गाव सापडलं. वस्ती तीनशे बारा. शिवाय अख्ख्या अमेरिकेत या आडनावाचं आणखी एकच घर, पिट्सबर्गला. म्हणजे भाऊबंदच! लग्न तीन दिवसांवर आलेलं. मी आमंत्रणाचा फोन लावला, तोही ऐटीत, स्पीकरवर. मार्टिन शेजारीच चकली खात होता.

"येता येणार नाही," पलीकडून उत्तर आलं. "आजोबा काल गेले. सत्त्याण्णव वर्षांचे होते."

रुखवत मांडणारी माझी बायको उल्का जागीच थांबली. "म्हणजे मार्टिनला सुतक."

"अगं, तो त्यांना ओळखतही नव्हता."

"कळलं नसतं तर सुतकच नव्हतं. कळवलं कुणी?"

मॉरिसव्हिलचा हॉल पुन्हा आठ महिन्यांनी मिळणार होता. केया म्हणाली, "बाबा, यू फाउंड अ डेड गाय? फॉर माय वेडिंग?"

नातं सात पिढ्यांपलीकडचं निघालं तर गुरुजी सुतकातून सोडवणार होते. मग जोडलेलं नातं तोडायला बसलो. पण जो कागद उघडावा तो त्यांना आणखी जवळ आणी. सकाळी सातवी पिढी, दुपारी पाचवी, संध्याकाळी थेट चुलत आजोबा!

शेवटी खाली मान घालून विहीणबाईंकडे गेलो. जूडीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मनोहर, ते आडनाव आमचं नाहीच. मार्टिनचे पणजोबा कोळशाच्या खाणीत एका काम सोडून गेलेल्या माणसाच्या जागी लागले. मुकादमानं हजेरीपटावरचं नाव बदललं नाही, यांनीही तेच लावलं."

"मग खरं आडनाव?"

"कुणालाच माहीत नाही."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतके खुशीत होतात. म्हटलं, कशाला मोडता घाला?"

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. गुरुजींनी खणखणीत आवाजात "कश्यप गोत्र" म्हटलं. मार्टिनच्या ताटात तिसरी जिलबी पडली. सगळं झकास झालं.

पंगतीत उल्का हळूच माझ्याकडे वाकली. "अहो, तुमच्या त्या अकरा पिढ्यांत कुणी बदली कामगार नव्हता ना?"

बाराव्या पिढीचं काम मी तूर्त थांबवलंय.