गाठीचा अर्ज आणि शेजारणीची हरकत

सुमित्रा मगदूम यांच्या आतड्यातल्या गाठीने यकृतात जादा जागा मिळावी म्हणून रीतसर अर्ज केला, आणि हरकतींसाठी पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस घरी आली.

शेजारच्या कमल पाच्छापुरे यांनी ती नोटीस सुमित्रावहिनींच्या आधी वाचली. गल्लीतलं टपाल त्या तसंही आधी वाचत. तिसऱ्याच दिवशी त्यांनी वहिनींना रिक्षात बसवलं आणि मिरजेच्या कार्यालयात नेलं.

"माझी हरकत आहे. लिहून घ्या," त्या खिडकीशी म्हणाल्या.

"आपण कोण?" कारकून कुलगुडे यांनी विचारलं.

"शेजारीण. भिंतीला भिंत लागून."

"ती घराची. आतड्याचा शेजारी यकृत." कुलगुडेंनी फाईल उलटली. "यकृताची हरकत आलेली नाही. आतड्याचं रक्त पहिल्यापासून त्याच्याकडेच जातं. गाठ त्याच रक्ताबरोबर जाणार. वहिवाटीचा रस्ता आहे, अडवता येत नाही."

"यकृत कसली हरकत घेतंय! मालकिणीच्याच वळणावर गेलंय. तीस वर्षांत हिनं सासरी कुणाला नाही म्हटलं असेल तर शपथ."

सुमित्रावहिनी पायांकडे बघत बसल्या होत्या.

"आणि दर महिन्याचं इंजेक्शन?" कमलताईंनी पदर खोचला. "गाठीच्या पेशींना दारं असतात. इंजेक्शन त्या दारांना कुलूप घालतं, मग गाठ वाढत नाही. डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलंय. मी विचारलंच होतं."

"दोन वर्षं कुलूप बसलं. आता गाठीने दारंच काढून टाकली." कुलगुडेंनी पंचनामा पुढे केला. "गेली तीन इंजेक्शनं 'दार आढळले नाही' असा शेरा मारून परत आली."

"दार नाही, तर वाढायचा हुकूम आत पोचतो कसा?"

"मागून. दुसरी वाट पाडून घेतली आहे. नियमात बसतं."

"मग निदान उपद्रव तरी लिहा! जुलाबांनी बाई अर्धी झाली."

"ती तक्रार पहिल्या वर्षी यायला हवी होती. गाठ तेव्हापासून रक्तात रसायन सोडत होती, त्यानंच जुलाब लागायचे आणि यांचं तोंड लाल व्हायचं. पण त्या काळातला शेजाऱ्यांचा अभिप्राय फाईलला आहे." त्यांनी सावकाश वाचलं. "'काय हो वहिनी, गालांवर काय तेज आलंय! खाता तरी काय?' भाजीच्या गाडीपाशी, चार जणींसमक्ष. हे आपलंच ना?"

कमलताईंनी ओठ पुसले. "मी आपलं कौतुकानं..."

"कौतुक अनुकूल अभिप्रायात धरतात."

"तुम्ही म्हणालात म्हणून मी तेव्हा डॉक्टरकडे गेलेच नाही," सुमित्रावहिनी पहिल्यांदाच बोलल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं कमलताईंना वाटलं. "म्हटलं, खरंच तब्येत सुधारली असेल."

कुलगुडेंनी दोघींना पाणी दिलं. मुदत संपायची वाट न बघता दुपारी हुकूम निघाला. अर्ज मंजूर, यकृतात तीन ठिकाणी.

परतताना रिक्षात वहिनींना चष्मा सापडेना, म्हणून हुकूम कमलताईंनीच वाचून दाखवला. वाचता वाचता त्या शेवटच्या ओळीवर थांबल्या. तिथे बारीक अक्षरात होतं : प्रत माहितीस्तव रवाना, फुप्फुस आणि पाठीचा कणा.

"खाली आणखी काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं.

"शिक्का आहे," कमलताई म्हणाल्या आणि त्यांनी कागदाची घडी घातली.