नानांचा ठसका

नाना सहस्रबुद्धे औषधाच्या खोक्यातला कागद उघडण्याआधी हात धुतात. मग चष्मा पुसतात, कागद टेबलावर पसरतात आणि खड्या आवाजात वाचायला लागतात. जर्मनीत प्रत्येक औषधाबरोबर असा उशीच्या अभ्र्याएवढा कागद येतो. त्याला बायपाकत्सेटल म्हणतात. नाना त्याला पोथी म्हणतात. आपल्या पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, हिच्या शेवटी दुष्परिणाम. "हजारात एकाला चक्कर," नाना वाचतात आणि मान वर करून म्हणतात, "आमचं आडनावच सहस्रबुद्धे! हजारातला तो एक हा इथे बसलाय!"

मी जतचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. गेर्लिंगेनला नोकरीला आलो तेव्हा पत्त्याची नोंदणी कुठे करायची हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. वरच्या मजल्यावरचे नाना मला स्वतः कचेरीत घेऊन गेले, माझा फॉर्म भरला आणि बाहेर आल्यावर जर्मन थाटात म्हणाले, "आल्झो, म्हणजे तर मग, आता तू कागदोपत्री जन्मलास!" तेव्हापासून माझा रविवारचा नाश्ता त्यांच्याकडे.

नानांनी तीस वर्षं बिघडलेले पंप तपासले. पंप का बिघडला हे कळेपर्यंत ते जेवत नसत, असं त्यांच्या पत्नी गिझेलाकाकू सांगतात. काकू इथल्याच. लग्नानंतर वाईला सासरी गेल्या तेव्हा घरातल्या सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याला 'अहो' म्हणताना त्यांनी ऐकलं. हा लाडाचा शब्द असणार, असं समजून त्यांनी तो उचलला. नाना कोपऱ्यावरच्या बेकरीत असले तरी काकू खिडकीतून "आहोऽऽ" अशी हाक मारतात. बेकरीवाल्या बाईंना नानांचं नाव आहो आहे असंच वाटतं.

दोन हजार चारच्या वसंतात डॉक्टरांनी नानांना हृदयासाठी नवी गोळी दिली आणि थोड्याच दिवसांत नानांना खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, नुसता कोरडा ठसका. बोलता बोलता लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं. काकूंची झोप उडाली. हृदयाच्या माणसाला एवढं खोकणं बरं नव्हे, म्हणून मीही काळजीत पडलो.

नाना मात्र नुसते फुलले होते. "ॲलर्जी!" त्यांनी जाहीर केलं. "पण कशाची? पुरावा लागतो, पुरावा!"

मग तपास सुरू झाला. पहिला संशयित दारातल्या बर्चच्या झाडाचे पराग. खिडक्या बंद झाल्या. ठसका चालूच. मग पिसांची उशी गेली, गालिचा गेला, शेजारच्या मांजराला जिन्यात बंदी झाली. एका रविवारी नाना माझ्या डोक्याजवळ येऊन हुंगू लागले. "खोबरेल?" मी पुढचा महिनाभर कोरड्या केसांनी ऑफिसला गेलो. गुरुजनांसाठी एवढं करायलाच हवं.

शेवटी ॲलर्जीच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातावर ओळीने टोचण्या केल्या. एकही गांधी उठली नाही. खरं तर निराश व्हायला हवं होतं. नाना खुशीत परतले. "सगळे आरोपी निर्दोष! तपास पुढे चालू!"

"नाना, एकदा त्या गोळीची पोथी बघू या का?" मी भीत भीत विचारलं.

"तू पोळी खा," नाना म्हणाले.

जूनमधल्या एका रविवारी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. नाना माझ्या शेंगदाण्याच्या चटणीवर आरोप ठेवत होते आणि बोलता बोलता त्यांचे शब्द जड झाले. बघतो तर वरचा ओठ सुजत चाललेला. गाजराएवढा झाला. नानांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली. काकू त्यांना धरून बसल्या आणि मी एकशेबाराला फोन लावला. माझी जर्मन शिकवणी तेव्हा विशेषणांपर्यंत आली होती. मी ओरडलो, "माझ्या शेजाऱ्यांचा ओठ मोठा आहे! खूप मोठा! आणखी मोठा!" रुग्णवाहिकावाले बिचारे आठ मिनिटांत आले.

दवाखान्यात सूज उतरायला दुपार झाली. डॉक्टरीणबाई कडक होत्या. "हे ॲलर्जीसारखं दिसतं, पण नेहमीची ॲलर्जी नव्हे. तुमच्या हृदयाच्या गोळीने क्वचित असं होतं. कोरडा खोकलाही तिचाच. जीभ सुजली असती तर श्वास बंद झाला असता. या जातीची गोळी पुन्हा कधीही घ्यायची नाही. खोकला कधीपासून?"

"गोळी सुरू केल्याच्या पाचव्या दिवसापासून. दुपारी."

"मग आमच्याकडे लगेच का नाही आलात? कागद वाचला नव्हता?"

"वाचला होता," नाना खाली बघून म्हणाले. "तिसरा रकाना, वरून सातवी ओळ."

"आहो!" काकू म्हणाल्या. त्या एका शब्दात वाईच्या सगळ्या बायकांचा संताप होता.

काकू कॉफी आणायला गेल्या तेव्हा मी खाटेजवळ सरकलो. "नाना, ठाऊक होतं तर हे सगळं कशासाठी?"

नानांनी दाराकडे पाहून काकू गेल्याची खात्री केली. मग म्हणाले, "वाईला माझी आक्का आहे. आईच्या मागे तिनेच मला वाढवलं. दोन वर्षं झाली, तिला माणसं ओळखू येत नाहीत. दर रविवारी फोन करतो, ती विचारते, कोण विनायक? एप्रिलात बोलता बोलता मला ठसका लागला. तर म्हणाली, 'मीच आठवण काढली रे विनू, म्हणून लागला.' विनू म्हणाली. पुढच्या रविवारी ठसका, पुन्हा विनू." ते माझ्याकडे बघून ओशाळं हसले. "तूच सांग, ती गोळी कशी सोडायची?"

मी त्यांची उशी नीट केली.

गोळी बदलली. महिन्याभरात ठसका पार गेला. काकूंनी केक केला, मांजराला जिना खुला झाला, मी डोक्याला तेल लावलं. सगळे आनंदात होते. त्या रविवारी नाश्ता झाल्यावर नानांनी फोनकार्डावरचे आकडे दाबले आणि स्पीकर लावला.

"आक्का, मी विनायक."

"कोण विनायक? पोस्टातला?"

"अगं, तुझा भाऊ. जर्मनीहून बोलतोय."

"आमचं कुणी नाही हो तिकडे."

नानांनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मूठ तोंडाशी नेली आणि खोकले. इतका खोटा खोकला मी शाळा बुडवणाऱ्या पोरांकडूनही ऐकलेला नाही. काकू कप विसळत होत्या, त्यांनी नळ बंद केला. नाना पुन्हा खोकले.

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, फोन तुटला.

"विनू?" आक्का म्हणाल्या. "पाणी पी बघू. थांब हं, थोडा वेळ मी आठवण काढत नाही तुझी. म्हणजे तुला बरं वाटेल."