अप्पांच्या बागेतली राहिलेली बदली

आमच्या शेजारचे अप्पा झाडांना नोटिसा देतात. कागदावर नाही हो, तोंडी! भोरात आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे सकाळी चहा ठेवला की पलीकडची झाडाझडती मला फुकटात ऐकायला मिळते. "काय जास्वंदबाई, पाऊस सरला तरी एक कळी न्हाई? खुलासा द्या!"

अप्पांची सगळी नोकरी मास्तरांच्या बदल्यांचे कागद हाकण्यात गेली. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी काही सुटली नाही. माणूस मूळचा हिर्डोशीचा, त्यामुळे गावची बोली आणि सरकारी भाषा त्यांच्या तोंडात एकत्रच नांदतात. दोडके लागायचे थांबले की तो वेल सेवानिवृत्त. मेथी-कोथिंबीर रोजंदारीवर. झेंडू हंगामी, दसरा झाला की घरी. छाटणीआधी गुलाबाचं पाणी तोडतात ना, ती बिनपगारी रजा.

गणपती गेले, उन्हं जरा चटकायला लागली की अप्पांच्या अंगात येतं. कुठलं झाड कुंडीतून जमिनीत, कुठलं सावलीतून उन्हात, सगळ्यांच्या बदल्या. आपल्या अंगणातल्या संपल्या की खुरपं घेऊन माझ्या अंगणात हजर.

"वहिनी, ह्या कुंडीच्या खालनं मुळ्या भाईर आल्यात. बदली करा. पर संध्याकाळी, उन्हात न्हाई. मुळाची माती झाडायची न्हाई, हाय तशी गड्ड्यासकट उचला. आन् चार दिस सावलीत ठेवा. नव्या जागी मानसाला करमत न्हाई, झाडाला कुठनं करमंल?"

"अप्पा, गॅसवर भाजी आहे माझी!"

"भाजी काय, उद्या पुन्यांदा करता यील."

एका दसऱ्याला मी माहेरी वरव्याला गेले होते. परत येऊन बघते तर माझे चारही गुलाब गुडघ्याएवढे! मी तरातरा गेले भांडायला. "कुणाला विचारून कापलेत?"

"वरनं आदेश आला," अप्पा आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले. "उन्हाचा."

पुढं त्यातले तीन फुलले आणि एक वाळून गेला. त्या वाळलेल्याच्या कुंडीपुढं अप्पा टोपी काढून उभे राहिले. मला हसावं की आणखी भांडावं तेच कळेना.

पण अप्पांच्या बागेत एक झाड असं होतं, की त्याला ना नोटीस, ना रजा, ना बदली. मागच्या नळाजवळ तेलाच्या गंजक्या डब्यातला गावठी गुलाब. यंदा डब्याचा तळ सडला होता, पानं पिवळी पडली होती. मला चेष्टेची लहर आली. भिंतीवरून म्हटलं, "अप्पा, ह्या बाईंचा वशिला दांडगा दिसतोय! सगळ्यांच्या बदल्या होतात, ह्यांचीच कशी होत नाही?"

अप्पांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. ते पायरीवर टेकले.

"वशिलाच लावला न्हाई, वहिनी. त्येच तर झालं."

मी इथं राहायला आल्यावर त्यांच्या बायकोला जेमतेम वर्षभर पाहिलं होतं. गुंजवण्याच्या बाजूला शाळेत शिकवायच्या. शनिवारी एसटीनं भोरला यायच्या, सोमवारी उजाडायच्या आत निघायच्या. उभा संसार असाच.

"सगळं गाव तिला बाई म्हनायचं, म्हनून म्यापन बाईच म्हनायचो," अप्पा म्हणाले. "दरसाली अर्ज करायची, भोरला बदली द्या म्हनून. अर्ज यायचा माझ्याच टेबलावर. लोक म्हनतील, हेडक्लार्कनं बायकोचं काम आदी केलं. म्हनून म्या तो गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठिवायचो. वाटायचं, घाई काय हाय? रिटायर झाल्यावर हावोतच की दोगं."

"आणि त्या काही म्हणाल्या नाहीत?"

"कदीच न्हाई. रिटायर झाली तवा शाळंतला ह्यो गुलाब मांडीवर घिऊन एसटीनं आली. नळापाशी डबा टेकवला आन् म्हनाली, ह्याला तरी चांगली जागा द्या. मंग दुखनंच लागलं. गेली." त्यांनी डब्याकडे बघितलं. "तिच्या हातानं ठिवलेला हाय. हलवायचा धीर हुईना."

मला माझ्या जिभेचा असा राग आला! तरी म्हटलं, "अप्पा, राहू द्या म्हणाल तर तो मरेल हो."

"ठावं हाय की मला."

संध्याकाळी पलीकडून कुदळीचा आवाज आला. जाऊन बघते तर अप्पांनी दारासमोर, रोजच्या खुर्चीशेजारी खड्डा घेतला होता. डबा पत्रा कापायच्या कात्रीनं उभा कापला, माती न सांडता झाड उचललं. अर्ध्या मुळ्या काळ्या पडलेल्या. मी पाणी घातलं, त्यांनी हातानं माती दाबली. दोन-तीन पानं तेवढ्यातच गळली.

एरवी झाड लावून झालं की ते नव्या जागी हजर झाल्याची नोंद अप्पा करतात, अगदी खणखणीत आवाजात. मी वाट बघत उभी होते. अप्पा मातीवरचा हात काढीनात.

"लई उशीर झाला, बाई," ते हळूच म्हणाले. "खुलासा मला द्यायचाय."