संयुक्त फोटो

निंबळगावात फोटोग्राफरने ‘हलू नका’ म्हटलं की तो ‘झालं’ म्हणेपर्यंत कोणी हलत नाही, आणि मोहिते फोटोग्राफर या दोहोंच्या मधेच वारल्यामुळे मालिनीबाई उपळेकरांच्या उजव्या खांद्यावर सहा वर्षं त्यांच्या यजमानांचा हात होता.

फोटो वामनरावांच्या निवृत्तीच्या कागदांना हवा होता. नवरा-बायकोचा एकत्र, चेहऱ्यावर सहजता असलेला. मोहित्यांनी दोघांना पडद्यासमोर उभं केलं. “साहेब, हात ठेवा वहिनींच्या खांद्यावर. थोडं हसा. घरच्यासारखं.” घरी वामनरावांनी बत्तीस वर्षांत असलं काही केलं नव्हतं. गरम तवा चाचपावा तसा त्यांनी हात ठेवला. मोहिते ‘हलू नका’ म्हणाले, स्टुलावर बसले आणि गेले.

नगरपालिकेच्या छायाचित्र विभागाने फार ताणून धरलं नाही, हे कबूल करायला हवं. जागा बदलायला हरकत नव्हती. फक्त हात, अंतर आणि हसू बदलता कामा नये. आंघोळ वगैरेंसाठी सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटांची सूट होती आणि झोपेत हात सुटला तर विभाग काणाडोळा करी. बाकी मंडई, दळण, हळदीकुंकू, सगळीकडे मालिनीबाई नवऱ्यासकट जात. हळदीकुंकवाला वामनरावांनाही वाण मिळे. पोळ्या लाटताना हात खांद्यावर वरखाली होई. तिसऱ्या वर्षी वामनराव एकदा म्हणाले, “बारा पोळ्यांना एवढं लाटावं लागतं होय?” मालिनीबाई लाटत राहिल्या. त्या दमल्या होत्या.

सगळ्यात जास्त दमवलं ते हसण्याने. थोरली बहीण वारली तेव्हाही त्या ओठ किंचित फाकवून तिच्या उशाशी उभ्या होत्या. भाचेसुनेने ते पाहिलं. तेव्हापासून मालिनीबाईंना एकच गोष्ट हवी होती. मरायच्या आधी एकदा, एकटीनं, तोंड पाडून बसायचं.

दर सोमवारी त्या विभागात जात. खिडकीत टिकेकर नावाचे लिपिक असत.

“नवे फोटोग्राफर आलेत ना? मग त्यांनी म्हणावं की ‘झालं’.”

“काकू, ‘हलू नका’ त्यांनी म्हटलेलं नाही. ज्याची आवक नाही त्याची जावक कशी करू?”

“मग आता मोहित्यांना कुठून आणू मी?”

“ते शक्य नाही,” टिकेकर सहानुभूतीने म्हणाले. “ते मयत आहेत. नोंद आहे आमच्याकडे.”

“माझा खांदा दुखतो हो.”

“माझा हातही,” वामनराव म्हणाले.

मालिनीबाईंनी वळून पाहिलं. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. टिकेकरांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. नव्या माणसाने मोहित्यांचाच कॅमेरा वापरला तर जुनं प्रकरण पुढे चालू धरता येत होतं. अर्ज करावा लागणार होता. अर्जाला चौदा महिने लागले.

नवे फोटोग्राफर देवळे यांनी खटका दाबला आणि ‘झालं’ म्हणाले. वामनरावांनी हात काढला. मालिनीबाई बाहेर गेल्या, बदामाच्या झाडाखालच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी तोंड पाडलं. आधी बहिणीसाठी पाडलं, मग स्वतःसाठी. तासभर त्यांना कोणी हाक मारली नाही. फार बरं वाटलं त्यांना. फक्त खांदा इतका हलका झाला होता, की त्यावर पदर ठरेना. त्यांनी तो चारदा सावरला.

मग टिकेकरांनी आत बोलावलं. फोटो नामंजूर झाला होता. मागे शेरा होता : सहजता आढळत नाही. पुन्हा काढावा.

मालिनीबाई चिडल्या नाहीत. चिडायला अंगात त्राण लागतं. “बसून काढा हो,” त्या देवळ्यांना म्हणाल्या. “उभं राहून राहून पाय गेलेत.”

बाक आणला. वामनराव हातभर अंतर ठेवून बसले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. त्यांनी एकदा मालिनीबाईंच्या खांद्याकडे पाहिलं आणि मग कॅमेऱ्याकडे.

“ठेवा,” मालिनीबाई म्हणाल्या.

“दुखतो ना तुझा?”

“पदर राहत नाही त्याशिवाय.”

ते सरकले. हात ठेवला. तो न चाचपता नेहमीच्या जागी बसला. हसण्याचं दोघांनाही सुचलं नाही. देवळे ‘हलू नका’ म्हणाले, खटका दाबला, ‘झालं’ म्हणाले. टिकेकरांनी तेवढं जावकात चढवलं. फोटो तयार झाल्यावर त्यांनी त्यातली दोन दमलेली माणसं बराच वेळ पाहिली आणि मागे शेरा लिहिला : सहज. मंजूर.

“सुटलात काकू,” ते पिशवी घेऊन निघताना म्हणाले. “जाताना तेवढा पंखा बंद करा.”

बटण दाराजवळ होतं. दोघं अजून तसेच बसले होते त्या बाकापासून चार पावलांवर. पाच वाजले, साडेपाच वाजले. पंखा चालूच होता.