हिरालालचा रोजच्या वापराचा चाकू

मी लिलाधर. अड्याळच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण ते जगाला दाखवण्यापुरतं. आतून मी गुप्तहेर आहे. निरीक्षण, तर्क आणि धाडस हे तिन्ही गुण एकाच माणसात सहसा येत नाहीत. माझ्यात आले, तेही बीए अर्धवट सोडून. दुकानाच्या काचेवर 'येथे गुप्त तपास केला जाईल' असा कागद मी स्वतः चिकटवला आहे. त्याखाली 'लॅमिनेशन करून मिळेल' असंही आहे, ते ज्योत्सनाने लिहिलं.

ज्योत्सना माझी बायको आणि सहायक. स्कूटी ती चालवते आणि मी मागे बसून विचार करतो. दोघांनी एकाच वेळी विचार केला तर अपघात होईल, असं माझं मत आहे. तिचं मत तिने मला अनेकदा ऐकवलं आहे, पण ते इथे छापण्यासारखं नाही.

माझी कीर्ती चिंधूच्या शेळीपासून सुरू झाली. शेळी हरवली, मी खुर्चीत बसून विचार सुरू केला आणि तेवढ्यात ती आपणहून घरी आली. माझ्या विचारांचा दाब जनावरालाही सोसत नाही.

त्या दिवशी दुकानात रुचिता आली. ती हिरालालची मुलगी. हिरालाल तलावातली मासोळी आणि शिंगाडे काढतो, पण त्याचा जीव अडकला आहे खिशातल्या चाकूंत. घडीचे, बटनाचे, लाकडी मुठीचे, अशी त्याची एक पेटीच भरली आहे. घराबाहेर पडताना एक शर्टाच्या खिशात, एक पँटच्या खिशात आणि एक पायमोज्यात असतो, त्यासाठी तो भर उन्हाळ्यातही मोजे घालतो. हे सगळे चाकू रोजच्या वापराचे आहेत, असं तो छाती पुढे काढून सांगतो. वापर म्हणजे काय, तर काढायचा, उघडायचा, उन्हात चमकवायचा, फुंकर मारायची आणि मिटायचा. कोणी सुतळी कापायला मागितला तर, 'ह्यानं नाही बाप्पा, धार जाते,' म्हणतो आणि सुतळी दाताने तोडून देतो. येईल त्या पाहुण्यापुढे पेटी उघडतो. बायकोपुढे मात्र कधीच नाही, कारण बाईच्या हाताने पात्याला गंज चढतो असा त्याचा शोध आहे. ती बिचारी पार्वताबाई जन्मभर पावशीवर, म्हणजे विळीवर, मासोळ्या कापत आली.

"काका, बाबाचा पितळी मुठीचा चाकू चोरीले गेला," रुचिता म्हणाली. "बाबा म्हनते अंकुशनं चोरला. चाकू नाही भेटला त रविवारचं साक्षगंध मोडतो म्हनते."

अंकुश म्हणजे आंधळगावचा तिचा होणारा नवरा, रविवारी दोघांचा साखरपुडा होता.

"अन तुले काय वाटते?" ज्योत्सनाने विचारलं.

"मले अंकुशच पाह्यजे. अन त्यानं चोरला नाही. चाकू गेला तवा तो माझ्यासंग मांगच्या आंगनात बोलून राहिला होता. पन हे बाबाले कसं सांगू?"

प्रेयसीची साक्ष मी ग्राह्य धरत नाही. मी तसं सांगितल्यावर ज्योत्सनाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिची मला आता सवय आहे.

आम्ही हिरालालच्या घरी गेलो. हिरालाल सुतकात बसल्यासारखा खाटेवर बसला होता.

"पोरगा आला, त्याले पेटी दाखवली," तो सांगू लागला. "त्यानं पितळी चाकू पाहाले मांगतला. आता चाकू कोनाच्या हाती देला त भांडन लागते. सासऱ्या-जावयात कायले भांडन? म्हनून मी तो उघडून खाटेपाशी खाली ठेवला, म्हनलं, उचल. तेवढ्यात मासोळीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. बोलत बोलत बाहीर गेलो. वापस येतो त ना पोरगा, ना चाकू. मंग हा मांगच्या दारातून आला. कुठं गेलता म्हनलं, त लाजला."

"लाजला?" मी डोळे बारीक केले.

"लाल झाला."

"गुन्हेगारच लाल होतो," मी म्हणालो.

"आपल्या साक्षगंधाच्या अगुदर तुमी बी झालते," ज्योत्सना म्हणाली.

मी जागेची पाहणी केली. खाटेखाली शिंगाड्याची सालं पडली होती. ही सालं हिरालालची म्हैस खाते. माझ्या डोक्यात वीज चमकली. सालांबरोबर चाकू म्हशीच्या पोटात गेला असणार. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मी तपासाच्या वेळी जवळच ठेवतो. आता त्याला बांधायला सुतळी कापायची होती. हिरालालने दोन्ही खिशांवर हात ठेवले आणि दुसरीकडे पाहिलं.

पार्वताबाई तयार पोह्यांवर घालायला कांदे कापत होती. तिने हातातला चाकू माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. हळदीने माखलेला, कांद्याचा वास मारणारा, गरीब चाकू. पण सुतळी अशी कापली की मला कळलंसुद्धा नाही.

"हिरालालभाऊ, असा एखादा कामाचा चाकू ठेवत जा," मी शहाणपणाचा सल्ला दिला.

"असल्या भाजीच्या चाकूले मी हात बी नाही लावत," हिरालाल म्हणाला आणि पोहे खाऊ लागला.

म्हशीच्या पोटावरून मी चुंबक फिरवलं. म्हशीने लाथ मारली. निर्दोष जनावराला राग कशाला येईल, असा तर्क मी शेणात बसल्या बसल्याच केला. पण चुंबकाला माझ्याच दुकानाची किल्ली चिकटली, तेव्हा म्हशीवरचा संशय मला नाइलाजाने मागे घ्यावा लागला.

मग उरला अंकुश. दुसऱ्या दिवशी आम्ही आंधळगाव गाठलं. तिथल्या पानठेल्यावर मी अत्यंत गुप्तपणे विचारलं, "तो चाकू चोरणारा अंकुश कुठे राहतो?" ठेल्यावर तेव्हा बरीच मंडळी होती. सगळ्यांनी पत्ता सांगितला आणि सगळे आमच्याबरोबर घर दाखवायलाही आले.

अंकुशच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मी विजयी मुद्रेने गर्दीकडे वळलो. "हा घाव कशाचा?"

"शिंगाड्याचा काटा," अंकुश म्हणाला. त्याचा बाप त्याच्या मागे उभा होता. तो तसाच आत निघून गेला. परत येताना ज्योत्सनाने स्कूटी प्रत्येक खड्ड्यातून मन लावून घातली.

शनिवारी आम्ही हिरालालकडे अहवाल द्यायला बसलो असताना अंकुश स्वतः आला. त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

"मामाजी, साऱ्या गावात मी चोर झालो. बाबा म्हनते, जे आपल्याले चोर म्हनते त्याहिच्या घरी सोयरीक नाही करायची. मी घरी न सांगता आलो. माझे खिसे पाहा. घरी येऊन पेटी-कपाट पाहा. पन रुचिताले नाही म्हनू नका."

दारात उभी असलेली रुचिता ओढणीने डोळे पुसत होती. मला घसा खाकरावासा वाटला. ज्योत्सनाने माझ्या पायावर पाय ठेवला.

"बस बाबू, आधी काही खाऊन घे," पार्वताबाई म्हणाली. तिने कांद्याची टोपली आणि चाकू घेऊन खाटेपाशीच बैठक मारली. अंकुश तिच्या हाताकडे पाहत राहिला.

"मामाजी," तो हळूच म्हणाला, "हा तोच चाकू नाही का?"

पार्वताबाईने पदराने मूठ पुसली. हळदीखालून पितळ निघालं.

"हा त तुझाच आहे ना बाबू?" ती म्हणाली. "त्या दिवशी तू बसला होता तिथं उघडा पडून होता. मले वाटलं, जवाई इसरून गेला. आला की देईन, तवरिक कांदे कापतो."

हिरालाल खाटेवरून उठला. "अवं, सारं घर चाकू चाकू करून राहिलं, तुले माझा चाकू ओळखू नाही आला?"

"तुमी मले कधी दाखवला?" पार्वताबाई म्हणाली. "तुमी म्हनता, माझा चाकू लाखात एक. हा त कांदे कापते. मले कसं मालूम हा तुमचा आहे म्हनून? अन मी रोज तुमच्या डोळ्यासमोर वापरून राहिली. तुमाले ओळखू आला का?"

मी म्हणणार होतो की मला पहिल्या दिवसापासून संशय होता, पण ज्योत्सनाचा पाय अजून माझ्या पायावरच होता.

"चाकू त भेटला," अंकुश म्हणाला. "पन मी आता घरी काय सांगू? माझ्या बाबाचं नाव गेलं त्याचं काय?"

हिरालालने चाकू घ्यायला हात पुढे केला. पार्वताबाईने तो त्याच्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला. त्याच्या शेजारी कांद्याची टोपली सरकवली.

"आधी पोराले जवाब द्या," ती म्हणाली. "मंग पेटीत ठेवा, नाही त डोक्यावर घ्या."

हिरालाल खाली बसला. त्याने चाकू उचलला, पातं निरखलं, फुंकर मारायला तोंडाशी नेला आणि मारली नाही. टोपलीतून एक कांदा घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच कापत होता, हे कोणालाही कळलं असतं. पोह्यांसाठी असल्या फोडी कोणी करत नाही.

"मी चुकलो, पोरा," तो कांद्याकडे पाहत म्हणाला. "उद्या पाह्यटी आंधळगावले येतो. ज्या पानठेल्यावर तुले चोर म्हनलं, तिथंच उभा राहून सांगतो, अन मंग तुझ्या बाबाचे पाय धरतो. साक्षगंध होईन. माझ्यापायी नको मोडू."

अंकुशने रुचिताकडे पाहिलं. रुचिताने मान हलवली. अंकुश टोपलीजवळ बसला आणि कांदे सोलून सासऱ्यापुढे ठेवू लागला.

हिरालाल कापत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

मी ज्योत्सनाच्या कानाशी लागलो. "पश्चात्ताप," मी म्हणालो.

"कांदा," ज्योत्सना म्हणाली.

"खात्री करून घेऊ? विचारतो त्याला."

"राहू द्या," ती म्हणाली. "त्याले बी मालूम नसन."