नको ते आवाज

मास्तरांनी नवी कोरी रेकॉर्ड दुकानदारासमोर ठेवली आणि म्हणाले, "ही परत घ्या. यात माझी बायको नाही."

दुकानदाराने चष्मा वर सरकवला. जुन्या गाजलेल्या जॅझ मैफलीची विनाइल रेकॉर्ड चाळीस वर्षांनी पुन्हा निघाली होती आणि हातोहात खपत होती. ही तक्रार मात्र पहिलीच.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. त्या मैफलीला दोघं दुसऱ्या रांगेत होते. शाळेतली सवय अशी, की पाहुणे बोलताना थांबले की पहिली टाळी मास्तरांची, म्हणजे मुलं मागोमाग वाजवतात. सॅक्सोफोनवाला ऐन रंगात क्षणभर थांबला आणि मास्तरांनी एकट्यानेच टाळ्या पिटल्या. अख्खं सभागृह वळून बघू लागलं. बायको पुटपुटली, "अहो, संपलं नाही अजून!" आणि हे सगळं रेकॉर्ड झालं. तेव्हा मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण बायको वारल्यापासून ते रोज तेवढीच जागा लावत. तीन वर्षांत जुनी रेकॉर्ड नेमकी तिथेच झिजली आणि सुई बायकोवरून उडी मारू लागली.

"काका, यात नको ते आवाज काढून टाकलेत," दुकानदार म्हणाला. "कव्हरवर छापलंय तसं."

"नको ते? कुणाला नको?"

मास्तरांनी कंपनीला चार पानी पत्र लिहून बायकोचा आवाज परत मागितला; टाळी कुणाची, ते मात्र लिहिलं नाही. आठवड्याने तिथल्या ध्वनिमुद्रकाचा फोन आला.

"ती टाळी काढायला तीन दिवस लागले हो मला! कोण गाढव होता कुणास ठाऊक."

"मीच."

ध्वनिमुद्रक ओशाळून म्हणाला, "काढलेलं सगळं ठेवलंय मी. पाठवतो."

वेगळी छोटी रेकॉर्ड आली. मास्तरांनी खिडकी लावून घेतली. संगीत नव्हतंच. नुसती टाळी, आणि मग ती. त्यांचे डोळे भरून आले. सुई उचलायला हात पुढे केला, तोच तिचा आवाज पुन्हा आला. इतकी वर्षं सॅक्सोफोनखाली दबलेलं वाक्य होतं ते.

"पुढच्या वेळी मी एकटीच जाईन."

"गेलीस ना?" ते रेकॉर्डवर ओरडले. "केलंस ना खरं? मला विचारलंस तरी का?"

तीन वर्षांनी त्या घरात भांडण झालं. मास्तरांनी डोळे पुसले, सुई पुन्हा पहिल्यापासून लावली, आणि शेवटचा शब्द नेहमीसारखा तिचाच राहिला.