सोपानराव आले की एरर

बायकोच्या डब्यांची फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवायची, एवढंच रविराजनं ठरवलं होतं. यात कुणाचं काही बिघडेल असं त्याला वाटलं नाही. (त्याला आधी काही वाटण्याची सवय असती, तर ही गोष्ट घडलीच नसती.) दिपाली रावेतच्या घरून डबे करते. चाकणला रविराजच्या कंपनीतली निम्मी मंडळी तिच्या हातचं जेवतात. कुणाला उपवास, कुणाची शिफ्ट बदलली, हे रविराज कामाच्या मध्येच त्या एक्सेलच्या फाइलमध्ये भरायचा आणि दिपाली घरी मोबाइलवर बघायची. शेवटचा शेऱ्यांचा रकाना मात्र ती स्वतः भरायची. तो वाचायची रविराजला कधी गरज वाटली नव्हती.

रविराज डिस्पॅचमध्ये क्लार्क. पत्र्याचे पार्ट पेट्यांत भरले की पेट्यांवर लेबलं लावून गाडी सोडायची, हे त्याचं काम. इंटरनेटवरून इथला थोडा, तिथला थोडा कोड उचलून त्यानं एक मॅक्रो जुळवला होता. दोन बटणं एकदम दाबली की डिस्पॅचच्या फाइलमधली माहिती उचलून लेबलं भराभर बाहेर. तेव्हापासून तो कॅन्टीनमध्येसुद्धा इंजिनिअरांच्या टेबलावर बसू लागला. प्लँट हेड तनुजा मॅडमनी जाहीर केलं, की मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला येतील तेव्हा रविराज त्यांना हे दाखवेल.

आणि नेमका त्याच आठवड्यात मॅक्रो अडायला लागला.

बरं, सरळ बंद पडावा ना! तेही नाही. सकाळी चालायचा, दुपारी अडायचा, मध्येच इंग्रजीत काहीतरी खेकसून गप्प व्हायचा. आयटीतल्या अय्याजला बोलवावं, तर तो येईपर्यंत सगळं सुरळीत. (अय्याज येतोय म्हटलं की रविराज डब्यांची फाइल वगैरे खासगी गोष्टी बंद करून, कॉम्प्युटर पुन्हा चालू करून शहाण्यासारखा बसायचा.)

"भावा, चालतोय की मस्त," अय्याज म्हणायचा. "मला बघायची एवढी हौस असेल तर तसं सांग, चहाला येतो."

रविराजची झोप उडाली. जेवताना त्याची बोटं ताटावर तीच दोन बटणं दाबत राहायची. गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, तो घरात इतक्या येरझाऱ्या घालू लागला की दिपालीनं त्याच्या हातात लसणाची परडी दिली. "अहो, चालायचंच असेल तर सोलत चाला."

शेवटी शोध लागला. एरर येतो तो सोपानराव आल्यावर! सोपानराव म्हणजे गेटवरून गाड्या सोडणारे सुपरवायझर, चाकणजवळच्याच गावचे. रोज जेवणानंतर डिस्पॅचमध्ये यायचे, उद्याच्या डब्याचं सांगायचे आणि जायचे. ते गेले की एरर आलाच. दोनदा, चारदा, प्रत्येक वेळी! रविराजनं मन घट्ट करून त्यांना सांगितलं, "राव, पाहणी होईपर्यंत जरा आत येऊ नका."

सोपानरावांचा चेहरा उतरला. "म्या काय हात लावतो व्हय तुमच्या कंपूटरला?"

"तसं नाही हो..."

"आमच्या नुसत्या पायगुणानं यंत्र बंद पडतंय? लेकीच्या सासरी कळलं तर काय म्हणतील?"

ते निघून गेले. रविराजला वाईट वाटलं, पण नोकरीचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवसापासून सोपानराव डब्याचं गेटवरून फोन करून सांगू लागले, आणि एरर फोननंतरसुद्धा येऊ लागला. रविराजला घाम फुटला. गेटवरून इथपर्यंत काम करणारा पायगुण त्यानं पाहिला नव्हता.

मग त्यानं पुन्हा इंटरनेट चाळलं आणि एक रामबाण ओळ मॅक्रोमध्ये डकवली. तिचा अर्थ असा, की चूक झाली तरी बोंब मारू नकोस, पुढे चालत राहा. एरर गायब! दुखणं बरं झालं नव्हतं, फक्त पेशंटचं तोंड बांधलं होतं. पण रविराजला त्या रात्री झोप लागली.

पाहणीला आल्या इरम मॅडम, गिऱ्हाइकाच्या क्वालिटी हेड. फार न बोलणाऱ्या, सगळं वाचणाऱ्या. त्या वर चहा घेत असताना सोपानरावांचा फोन आला, "उद्या संकष्टी हाय. खिचडी सांगा." रविराजनं फाइल उघडली, खिचडी भरली, तोवर सगळे दारात हजर. त्यानं ताडकन उठून पाहुण्यांकडे तोंड केलं आणि जादूगारासारखी, मागे न बघता, दोन बटणं दाबली.

लेबलं आली. हेल्परनं ती पटापट पेट्यांवर चिकटवलीसुद्धा. इरम मॅडम वाकल्या.

"पार्ट : भरली वांगी," त्यांनी वाचलं. "नग : चार पोळ्या. हे आमच्या गाडीत बसतं?"

त्या पुढच्या पेटीकडे गेल्या. "ग्राहक : तनुजा मॅडम. पार्ट : मेथी. सूचना..." त्या थांबल्या. मग त्यांनी तनुजा मॅडमकडे पाहिलं आणि तेही वाचलं. "काहीही दिलं तरी नावं ठेवतात. मनावर घेऊ नये."

रविराजला जमीन दुभंगावी असं वाटलं, पण ती एमआयडीसीतली, पक्की काँक्रीटची.

पाहुण्यांच्या मागे उभ्या असलेल्या अय्याजनं स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि कपाळ धरलं. "अरे भावा! समोर जी फाइल उघडी असेल तिच्यातून उचलतोय तुझा मॅक्रो. कुठली फाइल ते तू लिहिलंच नाहीस. म्हणून रोज डबा भरलास की एरर. आणि वर एररचं तोंडही तूच बंद केलंस?"

सोपानराव गेटवरून धावत आले होते. "मंजे आमचा पायगुण न्हाई?"

"नाही काका. याचाच."

"रविराज," तनुजा मॅडम शांतपणे म्हणाल्या, आणि तीच शांतता भयंकर होती, "उद्यापासून घरी बसा. पण आधी मिसेसना फोन लावा. स्पीकरवर."

फोन लागला. रविराज फोन पुढे धरून उभा राहिला. आता ही रडेल, हातापाया पडेल, संसाराचं काय होणार म्हणेल. त्याचे डोळे आत्ताच भरून आले.

"दिपाली, मी तनुजा. तो शेरा मी वाचला. त्याचं नंतर बघू. रविराजना मी घरी पाठवतेय."

पलीकडून दिपालीचा कळवळलेला आवाज आला, "मॅडम, शेऱ्याबद्दल माफ करा, वाटल्यास रोज वाटीभर आमटी जादा देते. पण त्यांना घरी नका हो पाठवू! दिवसभर घरात राहिले तर डबे कधी करू मी?"

तनुजा मॅडमनी इरम मॅडमकडे पाहिलं. इरम मॅडम पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, "ठेवून घ्या. धंदा चाललाय बिचारीचा."